सात सायकली, चारा निरंक

सरकारदरबारी मी आजही काफिल्याचा नायक आहे. तफ्तच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, निम्म्या गावाला शिरकूह डोंगराची उंची पाठ करायला लावली, पण लोकांनी मला लक्षात ठेवलंय ते वेगळ्याच कारणासाठी. सकाळी नान आणायला भट्टीवर गेलो की रांगेतलं कुणीतरी बाजूला सरकून म्हणतं, काफिल्याला आधी जाऊ द्या. मग दुसरं कुणीतरी, जरा खालच्या आवाजात, माझ्या पोटाची चौकशी करतं. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, आणि ते एकदाचं नीट सांगून टाकावं असं मी ठरवलंय. निदान रांगेत तरी शांतता मिळेल.

दरवर्षी डाळिंबं पिकायच्या सुमारास यज्दकडून परदेशी सायकलवाले आमच्या खोऱ्यात येतात. सायकलीच्या दोन्ही अंगांना भरलेल्या झोळ्या, उन्हाने सोललेली नाकं, आणि पुढच्या दांडीवर फोन. खाली वाळवंट, वर बर्फाचा डोंगर, मध्ये आमच्या बागा. हे सगळं बघायला ते जगाच्या टोकावरून येतात आणि फोन त्यांना एकतर ट्रकांच्या हमरस्त्यावर नेतो, नाही तर कुणाच्या तरी परसात. एके दिवशी त्याने एका डच जोडप्याला आमच्या परसात आणलं. माझी बायको तूबा कपडे वाळत घालत होती. तिने त्यांना आधी चहा दिला आणि मग विचारलं की तुम्ही कोण.

त्यांना डोंगरापर्यंत जायची, ट्रक नसलेली वाट हवी होती. माझ्या अंगात एकतीस वर्षांचा भूगोल उसळला. हाताला लागलेल्या एका मोठ्या पाकिटावर मी नकाशा काढून दिला. तफ्तच्या जुन्या पुलापासून जमिनीखालच्या पाटाच्या कडेकडेने, बागांच्या मागून, सात गावं पार करून वर संगदरच्या चिनारापर्यंत एकतीस किलोमीटर. चढउताराच्या रेषा काढल्या, उत्तर दिशा दाखवली, खाली तिरकी सही ठोकली. ती दोघं छातीवर हात ठेवून वाकली आणि निघून गेली. संध्याकाळी तूबाने विचारलं की तिच्या गुडघ्याचा एक्स-रे कुठे आहे. तो त्या पाकिटात होता. तूबाचा डावा गुडघा त्या दिवशी सायकलवर बसून संगदरला गेला आणि पुढे कुठे गेला ते आम्हाला कधी कळलं नाही.

पण मला रात्रभर वाटत राहिलं, की आयुष्यभर आपण फळ्यावर दुसऱ्यांच्या नद्या आणि दुसऱ्यांचे रस्ते काढले. छापील नकाशावर एक तरी रेघ अशी असावी की जी आपण काढली. सायकलवाल्यांसाठी ही वाट रीतसर मंजूर करून घ्यायची, वळणावळणावर पाट्या लावायच्या, एवढंच माझं म्हणणं होतं. सकाळी ते तूबाला सांगितलं. ती म्हणाली, मास्तर, तुम्ही एकोणीस वर्षांत सायकलवरून भट्टीच्या पुढे गेलेला नाहीत. हे खरं होतं, पण भट्टी चढावर आहे ही गोष्ट ती नेहमी विसरते.

तूबाला सांगितलेली गोष्ट भिंतीपलीकडच्या हाजी फतहुल्लांना आपोआप कळते. हाजीसाहेब कापडगिरणीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सगळ्या खोऱ्याला आरोग्याविषयी सल्ला देतात, विशेषतः पोटाविषयी. ते भिंतीवरून डोकं काढून म्हणाले की सायकलचं आसन मूत्रपिंडाला वाईट, वाळवंटी वारा कानाला वाईट, आणि परदेशी लोक इथे येतात कारण त्यांना घरी नातेवाईक नसतात. सबब वाट आखूच नये. मी म्हटलं, आखणारच. त्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले की मग ती त्यांच्या दारावरून न्यावी. दुपारपर्यंत आमच्या गल्लीतल्या नऊ घरांनी आपापल्या दारावरून वाट न्यायला परवानगी देऊन टाकली होती, आणि दोघांनी तर पाटी जिथे लावायची तिथे खिळाही ठोकला होता.

परवानगी खऱ्या अर्थाने जिथून हवी होती तिथे मात्र वेगळाच प्रश्न निघाला. पहिल्या कार्यालयातल्या गृहस्थांनी विचारलं की सायकल हे वाहन आहे का खेळ. मी म्हटलं, वाहन. त्यांनी मला दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथे वाहनाचा इंजिन क्रमांक मागितला. मी म्हटलं, इंजिन माझे पाय आहेत. मग ते म्हणाले की हा खेळ आहे, आणि मला तिसरीकडे पाठवलं. तिथे खेळाचे नियम, मैदानाचं माप आणि जिंकणार कोण ते विचारलं. जिंकणार कोणीच नाही म्हटल्यावर तो खेळही राहिला नाही. अशी तीन आठवडे माझी सायकल ना धड वाहन, ना धड खेळ, अशी अधांतरी फिरत राहिली, आणि तिच्यामागे मी.

शेवटी एका लांब बोळाच्या टोकाला मला वफाईसाहेब सापडले. गोल चेहऱ्याचे, गोल पोटाचे, पन्नाशीचे गृहस्थ. टेबलावर एकही कागद नव्हता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटाच्या तळातून एक जाडजूड नियमावली काढली. तिच्यावरची धूळ झटकून पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा उजळत गेला. एका पानावर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं: यंत्राच्या साहाय्याविना, प्राण्यांच्या अथवा माणसांच्या बळावर, दोहोंहून अधिक गावांतून मार्गक्रमण करणारा समूह म्हणजे काफिला. हा नियम कधी रद्दच झाला नव्हता. त्या टेबलावर बसून त्यांना अठरा वर्षं झाली होती आणि या नियमाखाली अर्ज घेऊन आलेला मी पहिला माणूस होतो. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

अर्जात काफिल्याच्या नायकाच्या नावाचा रकाना होता. तिथे मी माझं, नुसरतुल्ला बरखोरदार, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. जनावरांची संख्या होती. तिथे वफाईसाहेबांनी सांगितलेला कमीत कमी आकडा लिहिला: सायकली, सात. पुढे चारा होता. तिथे लिहिलं, निरंक. आठवड्याने अर्ज परत आला. सात जनावरं एकतीस किलोमीटर विनाचारा नेणं हा जनावरांचा छळ ठरत होता. वफाईसाहेबांनाही वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. ही जनावरं खात नाहीत असा पशुवैद्याचा दाखला जोडावा लागला. पशुवैद्य आमच्या अंगणात आले, सायकलीभोवती एक फेरी मारली, मागचं चाक दाबून बघितलं, म्हणाले की हवा कमी आहे, आणि सही केली.

मंजुरी आली ती एका अटीवर. तपासणी-प्रवास करून दाखवायचा. कमीत कमी सात जण, तपासनिसासकट. सूर्योदयानंतर तफ्तहून निघायचं आणि त्याच दिवशी सूर्यास्ताच्या आत सातही जणांनी संगदरच्या चिनारापाशी पोचायचं. न पोचल्यास अर्ज रद्द, आणि त्याच वाटेसाठी त्याच अर्जदाराला पुन्हा अर्ज करता येणार नाही. आयुष्यात कधीच नाही. शेवटचे हे शब्द नियमात नव्हते, पण वफाईसाहेबांनी ते अशा आवाजात म्हटले की मला ते छापील वाटले.

सात जण जमवले. एक मी. दुसरा इस्फंदियार नमीरानियान, माझ्याबरोबर गणित शिकवणारा, काटकुळा, कमी बोलणारा, तफ्तच्या पारशीवाड्यातला. तिसरे हाजी फतहुल्ला, जे केवळ आपला सल्ला खरा ठरताना बघायला आले होते. तिघं आमच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. त्यांची नावं मी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यानंतर त्यांनी मला तशी शपथ घातली आहे. आणि सातवे तपासनीस म्हणून खुद्द वफाईसाहेब, मेहुण्याची सायकल घेऊन. मागून आमची जुनी पेकान गाडी, तिच्यात चहाचा सामोवर, हवेचा पंप आणि मलमपट्टी, आणि चाकामागे तूबा. तिचा गुडघा चालताना दुखतो, गाडी चालवताना अजिबात दुखत नाही.

निघालो साडेसहाला. थंडी छान होती, डोंगराच्या माथ्यावर गुलाबी ऊन होतं, आणि मी सगळ्यांच्या पुढे होतो. पहिले दोन किलोमीटर इतके सुंदर गेले की मी पाट्यांचा रंगही मनात ठरवून टाकला. मग उंटकाट्याचा पट्टा लागला. उंटकाटा उंट आवडीने खातात. सायकलीला तो खाता येत नाही, उलट तोच सायकलीला खातो. सहा सायकलींना नऊ पंक्चर झाली. सातवी सायकल हाजीसाहेबांची. त्यांनी स्वतःच्या डोक्याने टायरमध्ये हवेऐवजी गिरणीतल्या जुन्या चिंध्या ठासून भरल्या होत्या. ती सायकल गाढवासारखी उसळत चालत होती, पण पंक्चर नाही. ही गोष्ट त्यांनी नऊ वेळा बोलून दाखवली, दर पंक्चरला एकदा.

गुलनाबाद हे पहिलं गाव. तिथे डाळिंबांच्या बागेचे मालक जबीहुल्ला रस्त्यात उभे होते. त्यांनी छातीवर हात ठेवून चहाला बोलावलं. आता आमच्याकडे नुसतं एकदा नको म्हणून भागत नाही. पहिलं नको हे शिष्टाचाराचं असतं, दुसरं लाजेचं, आणि तिसरं खरं; पण तिसऱ्यापर्यंत पोचेतो चहा ओतलेला असतो. मी पहिलं नको म्हटलं. दुसरं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून वफाईसाहेब, जे सकाळपासून उपाशी होते, मोकळेपणाने हो म्हणाले.

चहा झाला. चहाबरोबर डाळिंबं फोडली गेली. डाळिंबांनंतर डाळी-शेवयांची घट्ट आश आली, वर तळलेला कांदा. उठलो तर जबीहुल्लांचे धाकटे भाऊ दारात उभे. थोरल्याकडे बसलात आणि धाकट्याकडे नाही, याचा अर्थ गावात काय घेतला जाईल, असं त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं. मग त्यांच्याकडे बसलो. आम्ही गुलनाबाद सोडलं तेव्हा अकरा वाजले होते आणि आमचे सात किलोमीटर झाले होते.

दुसऱ्या गावाला फोनवरून सगळं आधीच कळलं होतं. काय वाढलं, किती वाढलं, कांदा तळलेला होता की नाही. त्यांनी आमच्यासाठी रस्त्यावर आडवा गालिचा अंथरला होता. खरा, हाताने विणलेला, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. गालिच्यावरून सायकल घालणारा माणूस आमच्या खोऱ्यात जन्माला आलेला नाही. बूट काढून त्यावर बसण्याखेरीज गत्यंतरच नव्हतं. जेवण सुरू झालं ते पावणेदोनपर्यंत चाललं. वफाईसाहेबांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की अठरा वर्षांत त्यांना कुणी कार्यालयाबाहेर बोलावलंच नव्हतं.

गावाबाहेर आल्यावर इस्फंदियारने खिशातली पेन्सिल काढून सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडला. तेरा किलोमीटर झाले होते, पुढे पाच गावं होती. तो म्हणाला, "दर गावी एकच घर धरलं, तर आपण परवा दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पोचू." पेन्सिल खिशात घालत म्हणाला, "भाऊ धरले नाहीत."

आणि तेवढ्यात तूबा पुढून गाडी वळवून आली ती बातमी घेऊन, की तिसऱ्या गावात मेंढी आणून चौकात बांधली आहे.

मी नायक होतो. निर्णय मलाच घ्यायचा होता. मी म्हटलं, गाव टाळायचं; मागच्या बाजूने मातीची भिंत आहे, ती ओलांडली की सरळ पाटाची वाट. साठीच्या सहा माणसांनी आणि एका सरकारी अधिकाऱ्याने सात सायकली डोक्यावर घेऊन ती भिंत कशी ओलांडली हे मी वर्णन करत नाही. हाजीसाहेबांची पँट भिंतीवरच्या खिळ्याला अडकली आणि काही काळ ते दोन्ही बाजूंना सारखेच होते. उतरलो ते एका अंगणात. तिथे एक म्हातारी खाटेवर लोकर पिंजत बसली होती. सात पुरुष सायकलींसकट भिंतीवरून का आले असं तिने विचारलं नाही. तिने चष्मा वर केला, आम्हाला मोजलं, आणि साखरेचे खडे कुणाला किती ते विचारलं.

चौथा चहा पिऊन बाहेर पडलो तेव्हा अडीच वाजत आले होते. मी पाटाच्या कडेला एका दगडावर बसलो. मला माझ्या पाट्या दिसत होत्या, एकेक करून उपटल्या जाताना. तूबाने गाडी थांबवली, खाली उतरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भट्टी आणि एकोणीस वर्षं निघणार. पण ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही आता कुणाशी काही बोलू नका. फक्त पायडल मारा. मी पुढे जाते."

पेकान धूर सोडत गेली. आम्ही निघालो, आणि चमत्कार झाला. तिसऱ्या गावाच्या बाहेरच्या वाडीवस्तीवर, मग चौथ्या गावात, लोक रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे होते, पण कुणी आडवं येईना. उलट मुलांना मागे ओढून वाट मोकळी करत होते. बायका हळहळल्यासारख्या बघत होत्या. एकीने पळत येऊन माझ्या हातात खडीसाखरेच्या गरम पाण्याचा पेला दिला आणि मी पिऊन होताच ढकलल्यासारखं पुढे पाठवलं. मेंढीसुद्धा सोडून दिलेली होती. ती भिंतीच्या सावलीत उभी राहून आमच्याकडे बघत होती. हाजीसाहेबांना वाटलं की लोक आमचं स्वागत करताहेत. ते एक हात सोडून अभिवादन करू लागले. एक पोक्त गृहस्थ, कधीकाळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारे, माझ्या सायकलीबरोबर चार पावलं धावले आणि कानाशी म्हणाले, "मास्तर, मशिदीच्या मागे आहे. दार उघडंच ठेवलंय." मी त्यांचे आभार मानले. काय आहे ते मला कळलं नव्हतं.

पाचव्या गावात पुदिन्याच्या अर्काची बाटली मिळाली. तिथे इस्फंदियार मागे थांबला, कुणाशी तरी दोन शब्द बोलला, आणि माझ्या बरोबरीला येऊन नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाला, "तूबाखानमने पुढे सगळीकडे सांगितलंय की आपल्या सातही जणांना जुलाब लागलेत."

या खोऱ्यात असं गाव नाही जिथे माझे विद्यार्थी नाहीत. मी ज्यांना वारे आणि पाऊस शिकवला ते सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहून माझ्याकडे त्या नजरेने बघत होते. तिघा शिक्षकांनी मला शपथ घातली ती इथेच, सायकल चालवता चालवता. पण सगळ्यांत खोल घाव हाजीसाहेबांना बसला. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी या लोकांना पोट कसं सांभाळायचं ते सांगत आलो." पुढचा किलोमीटरभर ते एक अक्षर बोलले नाहीत, जे त्यांच्या आयुष्यात प्रथमच झालं असावं. वफाईसाहेबांनी फक्त विचारलं की मग आता पुढे कुठेच काही खायला मिळणार नाही का.

पण रस्ता मोकळा होता. लोण्यातून सुरी जावी तसे आम्ही सहाव्या आणि सातव्या गावातून गेलो. चढाला उतरून सायकली ढकलल्या. काफिल्याच्या नियमांत चालणं चालतं. आणि पाच किलोमीटर उरले असताना, सव्वाचार वाजता, सूर्य शिरकूहच्या मागे गेला.

वफाईसाहेब थांबले. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, हात छातीवर ठेवला आणि खरोखरच दुःखाने म्हणाले, "बरखोरदार मास्तर, सूर्यास्त झाला."

माझ्या आयुष्यात भूगोल या विषयाने मला पोटापलीकडे काही दिलं नव्हतं. त्या क्षणी त्याने सगळं एकदम दिलं. मी म्हटलं, "साहेब, हा सूर्यास्त नाही, ही डोंगराची सावली आहे. मागे वळून बघा." खाली, खोऱ्याच्या तोंडाशी, वाळवंटापलीकडच्या टेकड्या अजून सोन्यासारख्या पेटलेल्या होत्या. मी त्यांना क्षितिज म्हणजे काय ते समजावलं, पृथ्वीचा कल समजावला, मुठीचा डोंगर आणि टोपीचा सूर्य करून दाखवला. मग खिशातून या वर्षीची दिनदर्शिका काढली. सूर्यास्त, पाच वाजून एकवीस मिनिटं. वफाईसाहेबांनी दिनदर्शिका वाचली, टेकड्या बघितल्या, पुन्हा दिनदर्शिका वाचली. "छापील आहे," ते आदराने म्हणाले, आणि सायकलवर चढले.

तो शेवटचा चढ मी कसा चढलो मला माहीत नाही. सकाळची आश, दुपारचं जेवण, सगळं कुठच्या कुठे जिरून गेलं होतं. भुकेने पोटात खड्डा पडला होता, आणि मी हसत होतो. इस्फंदियारही हसत होता, ज्याचं हसणं मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. हाजीसाहेब चिंध्यांच्या चाकांवर उसळत उसळत सगळ्यांच्या पुढे गेले होते. संगदरची पहिली घरं दिसली, त्यांच्यामागे चिनाराचा पिवळा शेंडा दिसला. दोनशे पावलं. माझ्या घड्याळात पाच वाजून अकरा मिनिटं.

आणि वेशीत पांढरा डगला घातलेली एक बाई दोन्ही हात पसरून उभी होती.

ती गावची आरोग्यसेविका सफूरा. तिच्यामागे अख्खं गाव, आणि दोन झोळ्या, उचलायला आठ माणसं. आमची बातमी आमच्यापेक्षा वेगाने डोंगर चढली होती आणि चढताना वाढली होती. सफूराबाईंना कळवण्यात आलं होतं की सात जण अत्यवस्थ असून दोघं बेशुद्ध आहेत. आमच्यातले कोणते दोघं, ते त्या शोधत होत्या. मी म्हटलं की आम्ही सगळे ठणठणीत आहोत. त्या म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात. तुमच्या बायकोने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

तूबा गाडीपाशी उभी होती. छत्तीस वर्षांच्या संसारात प्रथमच तिने माझी नजर टाळून डोक्यावरून घेतलेली चादर पुढे ओढली. आणि का ते मला लगेच समजलं. तूबा खोटं बोलली असं कबूल केलं, तर संपूर्ण खोऱ्याला कळणार की आम्ही त्यांच्या दारावरून, त्यांच्या चहावरून, त्यांच्या मेंढीवरून पळ काढला. गालिचे अंथरणाऱ्यांना असं तोंडावर सांगायचं, आणि तेही सांगायचं तूबाने, जिला उद्या पुन्हा याच लोकांत बसायचं होतं. आणि कबूल नाही केलं, तर चिनार दोनशे पावलांवर तसाच राहणार. मी एकदा शेंड्याकडे बघितलं. एकदा तिच्याकडे. तिने चादरीचं टोक दातांत धरलं होतं.

मी म्हटलं, "हो बाई. लागलेत. सकाळपासून."

गावाने सहानुभूतीचा एक लांब सुस्कारा सोडला. हाजीसाहेबांनी डोळे मिटले. मी विचारलं की आरोग्यकेंद्र कुठे आहे. सफूराबाईंनी मागे हात केला. चौकातून पुढे, चिनाराच्या पलीकडे.

वफाईसाहेबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"झोळीतून नको," मी म्हटलं. "मी या लोकांना एकतीस वर्षं शिकवलंय. त्यांच्यासमोरून आडवा जाणार नाही. सायकलवरून येतो."

सफूराबाईंनी विचार केला. मग म्हणाल्या, "हळू चालवा. धक्का बसता कामा नये."

तर अशा रीतीने माझा काफिला संगदरला पोचला. सात जण, एकामागे एक, मुंगीच्या पावलाने, दोन्ही बाजूंना प्रार्थना पुटपुटणारी माणसं, आणि बेशुद्ध मानलेल्या दोघांना स्वतः सायकल चालवताना बघून डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्या. चिनाराखालून जाताना वफाईसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेलं आणि ओठ न हलवता म्हणाले, "पाच सतरा." खाली टेकड्यांवर उन्हाची एक बारीक किनार अजून शिल्लक होती. मंजुरीचा अहवाल त्यांनी आरोग्यकेंद्राच्या खाटेवर पडल्या पडल्या लिहिला. आज वाटेवर पाट्या आहेत, नकाशावर रेघ आहे, आणि परदेशी सायकलवाले तिच्यावरून जातात, साधारण तीन दिवसांत.

पण त्या संध्याकाळी आम्ही सात खाटांवर सात जण पडलो होतो. सफूराबाईंचा हुकूम होता की मीठ घातलेली तांदळाची पेज आणि दुसरं काही नाही. खिडकीबाहेर चौकात मात्र मोठ्या हंड्यात आमच्यासाठी दुपारपासून शिजवलेलं मटण होतं. आता ते आम्ही खाऊ शकत नव्हतो आणि फुकट घालवणं शक्य नव्हतं, म्हणून गाव जेवायला बसलं. मानाच्या जागी, उशीला टेकून, काफिल्यातली एकमेव निरोगी व्यक्ती बसली होती. वफाईसाहेबांनी तोंड भिंतीकडे केलं. हाजीसाहेब काचेला नाक लावून प्रत्येक घास मोजत होते. इस्फंदियार म्हणाला की वारा नेमका आपल्या दिशेने आहे.

जेवणं झाल्यावर तूबा माझी विचारपूस करायला आत आली. खाटेच्या कडेला बसली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही मला तोंडघशी पाडलं नाहीत." मी म्हटलं, असू दे. तिने दाराकडे एक नजर टाकली, चादरीच्या आतून हात बाहेर काढला, आणि त्या हातात नानमध्ये गुंडाळलेला मटणाचा चांगला मुठीएवढा घास होता, अजून गरम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड उघडलं.

त्याच क्षणी सफूराबाई दारात उभ्या राहिल्या.

तूबाने पापणीही न लववता तो घास स्वतःच्या तोंडात घातला, आणि सावकाश चावत चावत माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला.